‘दुखतंय म्हणजे नेमकं कसं?’ : दीर्घकालीन वेदनेसाठीच्या एका मराठी ऑनलाइन आधारगटाबद्दल

माझ्या केसपेपरवर ‘फायब्रोमायल्जिया’, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, हा शब्द लिहिला गेला तेव्हा अंग दुखायला लागून ६ वर्षे उलटली होती. त्या ६ वर्षांत रक्ताच्या तपासण्या झाल्या, मानेचा आणि कमरेचा एमआरआय झाला, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि बी-१२ ची इंजेक्शने झाली, आणि दर वेळी रिपोर्ट नॉर्मल आला. रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांना हायसे वाटते; ज्याचे दुखते आहे त्याच्या हातचा शेवटचा पुरावा मात्र त्याच क्षणी जातो. निदान झाल्यानंतर संधिवाततज्ज्ञांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या एका बाईंनी मला त्यांच्या ऑनलाइन समूहाची माहिती दिली. तिथे अडीच वर्षे काढल्यावर, त्यात काय मिळते, काय मिळत नाही आणि कुठे जपून राहावे लागते, हे सविस्तर लिहावेसे वाटले. समूहाचे नाव मी देत नाही. बऱ्याच सदस्यांनी आपले दुखणे सासरी किंवा नोकरीच्या ठिकाणी सांगितलेले नाही, आणि नाव जाहीर झाले की गरजू माणसांबरोबर तेल आणि पट्टे विकणारेही येतात, असा चालकांचा अनुभव आहे. असे समूह हवे असतील त्यांनी आपल्या संधिवाततज्ज्ञांकडे, वेदना-चिकित्सा विभागात किंवा फिजिओथेरपिस्टकडे चौकशी करावी.

समूह व्हॉट्सॲपवर चालतो आणि त्यात सुमारे २०० जण आहेत. एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट आणि दोन रुग्ण मिळून तो चालवतात, वर्गणी नाही, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सव्वा तासाची व्हिडिओ बैठक होते. आजार एकच नाही: कोणाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीचा कणा आखडवणारा संधिवात आहे, कोणाच्या पायांची मधुमेहामुळे आग होते, कोणाची नागीण बरी होऊन वर्ष झाले तरी तिची जागा जळते आहे, तर कोणाचे मणक्याची शस्त्रक्रिया होऊनही दुखायचे थांबलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. ३ महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा येणारी वेदना अशी तिची व्याख्या आहे, आणि काही प्रकारांत वेदना हे दुसऱ्या कशाचे लक्षण नसून तोच मूळ आजार आहे, हे त्यात मान्य केले आहे. समूहात आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका चालकांनी मला हे समजावून सांगितले. घरी वर्गीकरणातला तो परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा माझ्या यजमानांनी तो दोनदा वाचायला लावला.

प्रवेशासाठी एक छोटा अर्ज भरावा लागतो. त्यातला पहिला प्रश्न असा आहे: ‘दुखतंय म्हणजे नेमकं कसं? तुमच्या घरच्या भाषेत सांगा.’ मी लिहिले होते, ‘सगळे अंग दुखते.’ दुसऱ्या दिवशी दुपारी एका ताईंचा फोन आला आणि त्यांनी अजिबात घाई न करता विचारायला सुरुवात केली. ठणकते की ठसठसते? कळ येते आणि जाते, की एकसारखा सल राहतो? मुंग्या येतात का? आग होते की चुरचुरते? अंग मोडून आल्यासारखे वाटते, की कोणी पिळून काढल्यासारखे? उसण भरते तशी एका जागी धरते, की जागा बदलते? सकाळी अंग आखडलेले असते का, आणि सुटायला किती वेळ लागतो? मला आठवते, बोलता बोलता मी पलंगाच्या कडेवर बसले आणि उत्तरे देता देता रडायला लागले. खांद्यात ठणका आहे, मांड्यांना आवळून बांधल्यासारखे वाटते, तळव्यांची रात्री आग होते आणि सकाळी अंग कुटून काढल्यासारखे असते, हे चार वेगवेगळे अनुभव आहेत आणि त्यांना चार वेगळी नावे आहेत, हे ६ वर्षांत मलाही कधी सुचले नव्हते.

या एका गोष्टीसाठी मी हा समूह इतर सगळ्यांपेक्षा वरचा मानते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. त्यामागचा विचार साधा आहे: वेदना दिसत नाही, ती तपासणीत उतरत नाही, म्हणून रोग्याचे शब्द हाच डॉक्टरांसमोरचा मोठा आधार असतो. आता ज्या बाईने आयुष्यभर मराठीत कण्हले आहे तिला इंग्रजी शब्दांतून निवड करायला सांगितली, किंवा ‘शून्य ते दहामध्ये किती?’ एवढेच विचारले, तर तिच्या सांगण्यातला निम्मा मजकूर गळून पडतो. आमच्या समूहात दवाखान्यात जाण्यापूर्वी एका पानावर चार ओळी लिहून न्यायची पद्धत आहे: कुठे, कसे, केव्हा वाढते, कशाने उतरते. ओपीडीत डॉक्टरांना जेमतेम काही मिनिटे असतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या मिनिटांत नेमके बोलता येणे आपल्या हातात आहे. माझ्या पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ते पान वाचले, पेन खाली ठेवले आणि झोपेबद्दल पहिल्यांदा विचारले. माझ्या उपचाराची दिशा तिथून बदलली.

सांगलीकडच्या एका काकूंची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिते. उजव्या गालात दुखते म्हणून त्यांच्या दोन दाढा काढून झाल्या होत्या आणि तिसरी काढायची तारीख ठरली होती. त्यांनी समूहात आवाजी संदेश पाठवला, त्यातले वाक्य मला जसेच्या तसे आठवते: ‘ठणका न्हाई हो, सणक येतीया. पदराचा वारा लागला तरी वीज पडल्यासारखी सणक, आन् मिनिटभरात काहीच न्हाई.’ दाढेचा ठणका तासन्‌तास राहतो. क्षणात येऊन क्षणात जाणारी, तोंड धुताना, घास चावताना किंवा वाऱ्याच्या झुळुकीने उठणारी सणक ही चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूची असू शकते. चालकांनी कोणतेही निदान केले नाही, औषधाचे नाव घेतले नाही; दाढ काढण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि हेच वाक्य त्यांना असेच ऐकवा, एवढे सांगितले. निदान ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असेच झाले. या दुखण्यावर १९६० च्या दशकापासून वापरात असलेले कार्बामाझेपिन हे औषध आजही पहिले निवडले जाते, आणि काकूंना ते लागू पडले. ते घेताना रक्तातले सोडियम तपासावे लागते आणि अंगावर पुरळ उठले तर ताबडतोब डॉक्टरांना कळवावे लागते, हेही त्यांच्या डॉक्टरांनी बजावले. तिसरी दाढ अजून तोंडात आहे.

या समूहात येण्याआधी मी इंग्रजी ठिकाणे धुंडाळली होती आणि अजूनही अधूनमधून जाते, म्हणून तुलना करणे मला आवश्यक वाटते. रेडिट या इंटरनेटवरील चर्चास्थळावरच्या दीर्घकालीन वेदनेच्या विभागाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे निनावीपणा: तिथे माणूस जे लिहितो ते घरात कोणालाच सांगू शकला नसता, आणि दिवसाच्या कुठल्याही प्रहरी कोणीतरी उत्तर देते. पण तिथली चर्चा बऱ्याच अंशी अमेरिकेची आहे. २०१६ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने अफूवर्गीय औषधांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यानंतर अनेकांचे डोस कमी झाले, २०२२ मध्ये ती तत्त्वे सुधारली गेली, आणि त्या सगळ्याचा संताप आणि भीती पानापानांवर आहे. त्यांची व्यथा खरी आहे, परंतु आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे याच वर्गातले ट्रॅमाडॉल हे साधे वेदनाशामकसुद्धा २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे आणि लहान गावातल्या रोग्यापर्यंत वेदनाशास्त्राचा डॉक्टरच पोहोचलेला नाही. ब्रिटनमध्ये पेन कन्सर्न ही संस्था हेल्थअनलॉक्ड या व्यासपीठावर आपला समुदाय चालवते. तिथली देखरेख चांगली, भाषा सौम्य, आणि जुनी उत्तरे शोधून काढता येतात. मात्र तिथले लोक सरकारी दवाखान्याच्या प्रतीक्षायादीबद्दल आणि अपंगत्व-भत्त्याच्या अर्जाबद्दल बोलू लागले की मला गप्प बसावे लागते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण दीर्घकालीन वेदना हा त्यांतला स्वतंत्र प्रकार नाही. पेशंट्सलाइकमी ही २००४ मध्ये अमेरिकेत, एएलएस हा स्नायू निकामी करत जाणारा आजार झालेल्या भावासाठी दोन भावांनी मित्राच्या साथीने सुरू केलेली जागा वेगळ्या पद्धतीची आहे: तिथे रोजची लक्षणे नोंदवून त्यांचा आलेख पाहता येतो. मी चार महिने नोंदी केल्या. आलेख सुंदर दिसायचा, पण रोज सकाळी उठल्या उठल्या दुखण्याचा आकडा शोधत बसण्याची सवय लागली, आणि ती सवय मला मानवली नाही.

आमच्या समूहात म्हणूनच आकडा विचारत नाहीत. रात्री जेवणानंतर एकच प्रश्न येतो: ‘आज काय जमलं?’ उत्तरे अगदी छोटी असतात. कोणी लिहिते, ‘केस धुतले.’ कोणी लिहिते, ‘बँकेत जाऊन आलो, रिक्षाने.’ कोणी लिहिते, ‘काही नाही, पण चिडले नाही.’ इंग्रजी समूहांत २००३ पासून अंगातली ताकद चमच्यांनी मोजण्याची एक रीत रूढ आहे. दिवसाला मोजकेच चमचे मिळतात आणि प्रत्येक कामाला एक खर्च होतो, अशी ती कल्पना आहे. ती मला नेहमी थोडी परकी वाटत आली. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या एका सदस्येने एके सकाळी लिहिले, ‘आज दोनच हंडे आहेत.’ कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही. दोन हंड्यांत स्वयंपाक होईल, अंघोळ होईल, पण कपडे राहतील. हे गणित ज्याने नळाची वाट पाहिली आहे त्याला पाठ आहे. तेव्हापासून समूहात ताकद हंड्यांत मोजली जाते, आणि माझ्या घरीही ‘आज किती हंडे?’ असे विचारले जाते.

कामाची विभागणी हा समूहाचा दुसरा भक्कम भाग आहे. दीर्घकालीन वेदनेच्या रोग्याची ठरलेली चूक अशी, की बरे वाटले त्या दिवशी तो सगळे साठलेले काम उरकतो आणि पुढचे चार दिवस अंथरुणावर पडून काढतो. गौरी-गणपती आणि दिवाळी हे त्याचे हमखास मुहूर्त. गेल्या दिवाळीत समूहातल्या १४ जणींनी फराळ ९ दिवसांवर वाटून घेतला होता. एका दिवशी फक्त भाजणी दळून आणायची, दुसऱ्या दिवशी अर्ध्या किलोच्याच चकल्या, त्याही खुर्चीवर बसून, गॅसची शेगडी खाली टेबलावर घेऊन. २० मिनिटांचा गजर वाजला की सोऱ्या हातात असला तरी ठेवून द्यायचा आणि १० मिनिटे आडवे व्हायचे. पहिल्या दिवशी मला गजर बंद करून घाणा पुरा करण्याचा मोह अनावर झाला होता. मी तो पुरा केलाही, आणि रात्री खांद्याने त्याची किंमत वसूल केली. दुसऱ्या दिवसापासून ऐकले. ८ वर्षांत पहिल्यांदा मी लक्ष्मीपूजनाला उभी होते. व्यायामाच्या बाबतीतही हीच चिकाटी दिसते. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये फायब्रोमायल्जियासाठी सुधारित शिफारशी केल्या, तेव्हा ठाम शिफारस फक्त व्यायामाची केली. पण तो कसा सुरू करावा हे कळत नाही, म्हणून बहुतेक जण दुसऱ्याच आठवड्यात सोडतात. इथे सुरुवात ४ मिनिटे चालण्यापासून होते आणि आठवड्याला एकच मिनिट वाढवले जाते.

रात्रीबद्दल थोडे लिहिलेच पाहिजे. मुख्य समूह रात्री १० वाजता बंद होतो, मात्र ज्यांना झोप लागत नाही त्यांच्यासाठी निराळी एक छोटी खोली आहे. तिथे सल्ला द्यायचा नाही, उपाय सुचवायचा नाही असा नियम आहे. कोणी ‘जागी’ असे लिहिते, दुसरी ‘मीपण’ लिहिते, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर संवाद थांबतो. दोन-अडीच वाजता, शेजारी घर शांत झोपलेले असताना, ‘मीपण’ हा शब्द किती उपयोगी पडतो हे ज्याने अशी रात्र काढली आहे त्यालाच सांगता येईल.

उणिवा आहेत, आणि त्यांतल्या दोन गंभीर आहेत. पहिली विक्रीची. मी नवीन असताना एका सदस्याने मला खासगी संदेश पाठवून चुंबकीय गादीबद्दल सांगितले. त्यांची आई त्यावर झोपून बरी झाली, असे ते म्हणाले. मी ती ३८,००० रुपयांना घेतली. दुखण्यात काडीचा फरक पडला नाही, आणि परत करायला गेले तेव्हा फोन उचलणे बंद झाले. चालकांना कळवल्यावर त्यांनी त्या गृहस्थांना त्याच दिवशी काढले, परंतु ते आधी आणखी तिघींना भेटले होते. आता अर्जातच लिहिलेले असते की समूहातील कोणीही खासगी संदेशातून वस्तू, औषध किंवा वैद्य सुचवला तर तो संदेश चालकांकडे पाठवावा. नियम चांगला आहे; तो सुरुवातीपासून हवा होता. थकलेला माणूस अशा आशेला लवकर भुलतो, हे समूह चालवणाऱ्याने पहिल्या दिवशीच गृहीत धरायला हवे.

दुसरी उणीव फोन नंबराची. व्हॉट्सॲपच्या साध्या समूहात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. एका तरुण सदस्येचा नंबर तिच्या नणंदेच्या मैत्रिणीने ओळखला, आणि त्या सदस्येने औषधांबद्दल विचारलेला प्रश्न चार दिवसांत सासरी पोहोचला. ती मुलगी दुसऱ्याच दिवशी बाहेर पडली. तिच्याशी संपर्क होऊ शकला नाही. तिच्याबद्दल वाटणारी खंत समूहातून अजून गेलेली नाही. याशिवाय जुने संदेश शोधणे फार कठीण जाते, त्यामुळे तेच प्रश्न महिन्यातून दोनदा येतात. पुरुष सदस्य फार कमी बोलतात. कधी कधी कोणाचे दुखणे मोठे अशी अप्रत्यक्ष चढाओढ सुरू होते, आणि चालक ती वेळीच थांबवतात असे प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही.

निराशेच्या संदेशांच्या बाबतीत मात्र चालकांचे वागणे मला पूर्णपणे योग्य वाटले. ‘आता नको वाटतं’ असे कोणी लिहिले की ते समूहात चर्चेला सोडले जात नाही. तिघांपैकी एक चालक लगेच फोन करतात, घरातल्या एका व्यक्तीचा नंबर अर्जातच घेतलेला असतो, आणि केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही विनामूल्य सेवा, १४४१६ हा क्रमांक, हाताशी ठेवलेला असतो. तिथे दिवसरात्र मराठीत बोलता येते. आपण डॉक्टर नाही आणि समुपदेशकही नाही, ही मर्यादा चालकांनी कधी ओलांडलेली मी पाहिली नाही.

ज्यांचे दुखणे अलीकडचे आहे, ज्यांच्या तपासण्या अजून व्हायच्या आहेत, ज्यांना अचानक पाय लुळा पडणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप, वजन उतरणे अशी लक्षणे आहेत, त्यांनी कोणत्याही समूहात वेळ न घालवता आधी दवाखाना गाठावा. निदान होऊन औषधे सुरू झाल्यावरही दुखणे राहिलेच आहे आणि घरात ते पुन्हा पुन्हा सांगायचा संकोच वाटतो, त्यांनी जरूर यावे. पहिले पंधरा दिवस नुसते वाचले तरी चालते, कोणी बोलायला लावत नाही.

नंबर दिसण्याच्या प्रश्नावर जानेवारीच्या बैठकीत निर्णय झाला: समूह टेलिग्रामवर न्यायचा, कारण तिथे नंबर लपवता येतो. अडचण एवढीच, की साठीच्या पुढच्या सदस्यांपैकी बहुतेकांनी ते ॲप कधी उघडलेले नाही, आणि त्यांना मागे सोडून जायचे नाही असे सर्वानुमते ठरले आहे. म्हणून आम्ही प्रत्येकी काही जण वाटून घेतले आहेत आणि फोनवरून एकेक पायरी सांगतो आहोत. माझ्या यादीत ९ नावे आहेत, त्यांतली ४ झाली. पाचव्या सांगलीच्या काकू. त्यांची अट एकच आहे, की तिथेही बोलून संदेश पाठवता आला पाहिजे, कारण त्यांना लिहायचे नाही. पाठवता येतो, हे मी काल त्यांना दाखवले. शनिवारी दुपारी, त्यांचा नातू शाळेतून आला की, आम्ही बाकीचे करणार आहोत.